दोरी ओढणारे हात गेल्यावर

लाकूड कातण्याच्या जुन्या मांडणीत दोन माणसं लागत. एक जण पटाशी धरून बसे, आणि दुसरा दांड्याला वेढे दिलेली दोरी किंवा चामड्याचा पट्टा आलटून पालटून ओढत राही. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना पटाशी टेकवायची, मागे फिरताना उचलायची, म्हणजे निम्मी मेहनत वायाच. दिवसभर दोरी ओढणाऱ्याचा खांदा संध्याकाळी भरून येई, आणि त्याच्या जागी मोटर आली याबद्दल हळहळण्याचं काहीच कारण नाही. पण त्या दोरीवाल्याकडून कातारी माणसाला काही गोष्टी न मागता मिळत होत्या, आणि मोटर बसवताना त्यांचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. ‘थांब’ म्हटलं की तो थांबे आणि लाकूडही थांबे. ओबडधोबड ओंडका चढवला असेल तर तो बेताने ओढी, ओंडका गोलाईत आला की वेग वाढवी. पटाशी लाकडात रुतली तर दोरी दांड्यावरून घसरे, आणि ओढ त्याच्या हाताला आधी कळे. मोटर यातलं काहीही आपणहून करत नाही. तिला वीज दिली की ती एका ठरलेल्या वेगाने फिरते, आणि समोर लाकूड आहे की बोट, हे तिला कळायला वाव नाही. लेथला मोटर आणि तिची नियंत्रणं जोडण्याचा हा सगळा विषय माझ्या मते इथूनच सुरू होतो. जे मोटरीमुळे गेलं ते पुली, कॉन्टॅक्टर, बटणं आणि ड्राइव्ह यांच्या मांडणीतून परत आणायचं आहे. मोटर बसवणं हा त्यातला सोपा भाग आहे. अर्ध्या दिवसात होतो. उरलेला भाग डोक्याने करावा लागतो.

प्रत्यक्षात मात्र पहिला प्रश्न ‘किती एचपीची बसवू?’ हाच विचारला जातो. जुन्या लेथचा बेड मिळतो, कुठल्या तरी पंपाची किंवा पिठाच्या गिरणीची उतरवलेली मोटर मिळते, भिंतीवर एक खटका लागतो आणि काम सुरू होतं. पोळपाट-लाटणी निघतात, पलंगाचे कातीव पाय निघतात. इतकं सुरळीत चाललं की आणखी काही करायला हवं असं वाटतच नाही. म्हणून अंदाजाने बोलण्यापेक्षा एक लाकूड हातात घेऊन आकडे मांडून पाहावेत. १२ इंच व्यासाची, ३ इंच जाडीची सागाची चकती घेऊ. तिचं वजन साडेतीन किलोच्या आसपास भरेल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चार पोलची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. ही चकती त्या वेगाने थेट फिरवली तर तिची कड ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ४४० ज्यूल होते. ४५ किलोचं पोतं एक मीटर उचलायला लागते तेवढी. तीच चकती ६०० फेऱ्यांवर फिरवली तर ऊर्जा ७७ ज्यूलवर येते, म्हणजे आठ किलोच्या आत. वेग अडीच पटही कमी झाला नाही, तरी ऊर्जा जवळपास सहा पट घटली, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. लाकूड कातणाऱ्यांमध्ये एक अंदाज सर्वत्र वापरला जातो: चकतीचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान राहू द्या. १२ इंचाला हा अंदाज ५०० ते ७५० फेरे देतो. लाकूड अजून गोल झालेलं नसेल, एका बाजूला गाठ किंवा साल असेल, तर त्याहूनही कमी. उलट २ इंचाच्या लाटण्याला याच हिशेबाने ३००० ते ४५०० कुठेतरी चालतं, आणि कमी वेगात ते नीट कातलंच जात नाही. धागे उपटून येतात. म्हणजे लाटणं आणि परात एकाच लेथवर करायची असेल, तर एकच वेग देणारी मोटर यातल्या एका कामासाठी चुकीचीच ठरणार.

वेग बदलण्याचा सगळ्यात जुना आणि अजूनही उत्तम मार्ग म्हणजे पायऱ्यांची पुली. मोटरीवर २ इंचाची आणि दांड्यावर ६ इंचाची पायरी घेतली की १४४० चे ४८० होतात. दुसरा मार्ग म्हणून कित्येक जण पंख्याचा रेग्युलेटर किंवा डिमर लावून पाहतात, आणि इथे स्पष्ट सांगायला हवं की कपॅसिटर स्टार्ट मोटरीला तो लावू नये. या मोटरीत सुरुवातीपुरती एक वेगळी वाइंडिंग असते, आणि मोटर वेगात आली की आतला खटका ती वाइंडिंग तोडतो. रेग्युलेटरने वेग पाडला की तो खटका पुन्हा जुळतो, आणि क्षणभरासाठी बनवलेली वाइंडिंग मिनिटभर तापत राहते. मग जळका वास, मग रिवाइंडिंगचं दुकान. तिसरा मार्ग व्हीएफडीचा, ज्याला बाजारात नुसतं ‘ड्राइव्ह’ म्हणतात. तो आलेल्या एसी विजेचं आधी डीसी करतो, २३० व्होल्टचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी, आणि मग त्या डीसीचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या हर्ट्झची थ्री फेज वीज तयार करतो. त्याचा मोठा फायदा असा की घरगुती सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालते, तीही हळूहळू वेग घेत. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा-सात पट प्रवाह ओढते आणि आळीतले दिवे मिणमिणतात. ड्राइव्हवर ते होत नाही. मात्र इथे एक गोष्ट हटकून चुकते. आपल्याकडची लहान थ्री फेज मोटर बहुतेक वेळा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेली असते, आणि २३० व्होल्टचा ड्राइव्ह बाहेर २३० व्होल्टच देतो. मोटर तशीच जोडली तर फिरते, पण लाकूड टेकवलं की दम सोडते, आणि दोष ड्राइव्हच्या माथी जातो. ती डेल्टामध्ये जोडली की प्रत्येक वाइंडिंगला तिचे हक्काचे व्होल्ट मिळतात. मोटरीतून सहा टोकं बाहेर आलेली असतील तर पट्ट्या बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. तीनच टोकं असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा जोड उघडून घ्यावा लागतो. डेल्टामध्ये प्रवाह १.७३ पट होतो, म्हणून ड्राइव्ह निवडताना आणि त्यातली ओव्हरलोडची मर्यादा भरताना नेमप्लेटवरचा स्टारचा आकडा उपयोगाचा नाही.

ड्राइव्ह आला की पुली-पट्ट्याची कटकट कशाला, वेग तर बटणाने कमी होतो, असा युक्तिवाद हमखास होतो. तो वरवर पटण्यासारखा आहे, म्हणून त्याला हिशेबानेच उत्तर देतो. एक एचपीची चार पोलची मोटर साधारण ५ न्यूटन-मीटर पीळ देते. ड्राइव्हने वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला तरी पीळ तेवढाच राहतो, आणि वेग कमी झाल्याने ताकद मात्र एक तृतीयांश एचपीवर येते. आपल्या १२ इंची चकतीच्या कडेवर तो पीळ जेमतेम साडेतीन किलोचा जोर देतो. त्याऐवजी मोटर पूर्ण वेगात ठेवून पुलीने वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणला, तर पीळ तिप्पट होतो आणि कडेवर दहा किलोचा जोर मिळतो. पहिल्या मांडणीत पटाशी टेकवली की लेथ अडतं, दुसरीत काप सलग निघतो. शिवाय मोटरीचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू, आणि १०-१५ हर्ट्झवर तासभर जड काम केलं तर ती मोटर हात लावू देत नाही. तेव्हा मोठ्या वस्तूसाठी पट्टा खालच्या पायरीवर टाकायचा आणि त्या पायरीच्या आत बारीक फरक ड्राइव्हने करायचा. पट्टा ठेवण्याचं आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. पटाशी रुतल्यावर दोरी जशी घसरायची, तसा बेताने ताणलेला पट्टाही थोडा घसरतो. त्याला आवळून तारेसारखा करू नये. ड्राइव्हमध्येही प्रवाहाची कमाल मर्यादा भरता येते, ती कामाला पुरेल एवढीच ठेवावी.

आता वीज जाण्याबद्दल. या भागावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्राच्या खेड्यात लेथला मोटर जोडणारा वायरमन बहुधा विहिरीवरच्या पंपांची कामं करणाराच असतो, आणि पंपाची शहाणीव लेथवर धोक्याची ठरते. शेतीची वीज अवेळी येते, रात्री-अपरात्री येते. म्हणून पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून घेतात; लाइट आली की पंप आपोआप सुरू. सगळे पंप एकदम सुरू होऊन रोहित्रावर ताण येतो म्हणून महावितरण ऑटो काढायला सांगत आलं आहे, पण शेतकऱ्याची अडचण कुणालाही समजेल अशीच आहे. पंपाजवळ त्या वेळी माणूस नसतो. लेथवर उलट आहे. लाइट जाते तेव्हा तिथे माणूस असतोच, आणि लाइट गेल्यावर तो हात जोडून बसत नाही. तो लाकूड कितपत आलंय ते बोटांनी चाचपतो, चक आवळतो, चावी चकात ठेवून पाणी प्यायला उठतो. भिंतीवरचा साधा खटका चालूच राहिलेला असतो. लाइट येते, आणि चावी चकात असतानाच लेथ पूर्ण वेगाने फिरायला लागतं. हे टाळायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. स्टार्टरच्या आतल्या कॉन्टॅक्टरची कॉइल वीज असेपर्यंतच धरून ठेवते. वीज गेली की ती सोडते, आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय धरत नाही. पंपाचा ऑटो नेमकी हीच सोय मोडून काढतो. लेथच्या स्टार्टरमध्ये ती मोडू द्यायची नाही, एवढं वायरमनला आधीच सांगायचं.

ड्राइव्ह बसवला तर हा प्रश्न सुटतो असं नाही, फक्त त्याची जागा बदलते. ड्राइव्हला चालू-बंदचा हुकूम दोन तारांच्या साध्या खटक्याने देता येतो किंवा तीन तारांच्या दोन बटणांनी. दोन तारांच्या मांडणीत खटका ‘चालू’वर राहिला आणि लाइट जाऊन परत आली, तर कित्येक ड्राइव्ह आतल्या सेटिंगप्रमाणे आपोआप सुरू होतात. तीन तारांच्या मांडणीत हिरवं बटण क्षणभर दाबायचं असतं आणि लाल बटण नेहमी जुळलेलं असतं. या लाल बटणाची जोडणी नीट समजून घ्यावी. ते दाबल्यावर परिपथ तुटतो, जुळत नाही. त्यामुळे तार उंदराने कुरतडली, स्क्रू ढिला झाला, डबी आपटून जोड निखळला, तर लेथ थांबतं. याच्या उलट जोडणी केली तर तार तुटल्याचं कुणालाच कळत नाही, आणि ज्या दिवशी लाल बटणाची खरी गरज पडते त्या दिवशी ते दाबून काहीच होत नाही. दोन्ही जोडण्यांना तार तेवढीच लागते आणि बटणही त्याच किमतीचं.

थांबवणं म्हणजे वीज तोडणं, हीसुद्धा अर्धीच गोष्ट आहे. साध्या मोटरीचं लाल बटण दाबलं तरी आपल्या चकतीतली ४४० ज्यूल ऊर्जा तिथेच असते. ती बेअरिंगच्या घर्षणात हळूहळू जिरते. तेवढा वेळ थांबायचा कंटाळा येतो म्हणून माणसं फिरत्या लाकडावर तळहात ठेवून लेथ थांबवतात, आणि एखाद्या दिवशी त्या लाकडाला उचकटलेली चीप असते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत लाकूडकामाचं यंत्र १० सेकंदांत थांबावं अशी अपेक्षा धरलेली आहे, आणि ड्राइव्ह हे काम सहज करतो. तो मोटर ठरावीक सेकंदांत उतरवत आणतो. लाकूड जड असेल तर उलटी आलेली ऊर्जा ड्राइव्हच्या आत साठून तो ट्रिप होतो, म्हणून ब्रेकिंग रेझिस्टर जोडावा लागतो. पण इथे अतिउत्साहही नको. लेथचा चक किंवा फेसप्लेट दांड्याच्या आट्यांवर फिरवून बसवलेली असते. कातताना ती घट्ट होत जाते, आणि दांडा एकदम थांबवला तर जड लाकूड आपल्या वेगाने पुढे जात आटे सोडतं. चक फिरत फिरत दांड्यावरून उतरतो आणि साडेतीन किलोची चकती माणसाच्या अंगावर येते. उलट दिशेने फिरवण्याची सोय ड्राइव्हमध्ये असतेच. चकाला अडवणारा ग्रब स्क्रू नसेल तर ती बंद करून टाकावी. थांबण्याचा काळ लाकडाच्या वजनाप्रमाणे चार-पाच सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त ठेवला तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. आणि बटण कुठे असावं? बहुतेक जुन्या लेथांवर ते मोटरीच्या बाजूला, हेडस्टॉकच्या मागे असतं, कारण तिथवर तार आखूड लागते. पण तिथे पोचायला हात फिरत्या लाकडावरून न्यावा लागतो. पिवळ्या पाटीवरचं, दाबल्यावर अडकून राहणारं लाल बटण कमरेच्या किंवा मांडीच्या धक्क्यानेही दाबलं जाईल अशा उंचीवर असावं, आणि चकतीच्या सरळ रेषेत नसावं, कारण लाकूड सुटलं तर त्याच रेषेत येतं. बटणांची डबी चुंबकाने बेडवर चिकटवता येत असेल तर कातारी माणूस ती आपल्याबरोबर सरकवत नेऊ शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘एमसीबी आहे, ओव्हरलोड रिले आहे, आता काय भीती?’ असं म्हटलं जातं. एमसीबी तारेला वाचवतो. ओव्हरलोड रिले वाइंडिंगला वाचवतो, तोही काही सेकंद वाट पाहून. आरसीसीबी शॉकपासून वाचवतो. फिरत्या लाकडात बाही अडकली तर मोटरीला तो भार किरकोळ असतो, आणि यातलं काहीही ट्रिप होत नाही.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला, की पिढ्यान्‌पिढ्या एका खटक्यावर काम झालं आहे आणि जाणत्या कातारी माणसाला यातलं काही लागलं नाही. जाणत्या हाताचं मोल मला मान्य आहे. पण त्या हाताचं कौशल्य पटाशीवर चालतं; लाइट कधी येईल यावर किंवा आतून पोखरलेल्या लाकडावर नाही. शिवाय तो हात कधीतरी शिकाऊ होता, आणि आजही त्याच्या शेजारी कुणी शिकाऊ उभा असतो. दुसरा आक्षेप कायद्याचा: दोन माणसांच्या दुकानाला कोण विचारतो? १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम २४ प्रत्येक कामाच्या खोलीत आणीबाणीत वीज तोडण्याचं साधन हवं असं सांगत होतं, पण मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या जागेला लागू व्हायचा तो १० कामगारांपासून पुढे. ती रेषा तपासणी कुठवर पोचू शकते यासाठी आखलेली होती. रेषेच्या अलीकडच्या दुकानातली चकतीही ताशी ८० किलोमीटरनेच फिरते. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. लहान दुकानाला ड्राइव्ह परवडत नसेल तर तो घेऊ नये; पायऱ्यांची पुली, वीज गेली की सोडणाऱ्या (नो-व्होल्ट) कॉइलचा स्टार्टर आणि योग्य जागी लाल बटण एवढ्यावर या पुस्तकातला बराचसा हेतू साधतो. ड्राइव्ह नाही म्हणून खटका चालेल, असं मात्र होत नाही. चौथा, की ड्राइव्ह भुशात टिकत नाही. हे बरोबरच आहे, उघड्या ड्राइव्हच्या जाळीत भुसा बसला की तो तापून बंद पडतो. म्हणून तो ऐसपैस बंद पेटीत, लेथपासून दूर, भिंतीवर हवा; मोटरही पूर्ण बंद बांधणीची हवी, कारण उघड्या मोटरीत शिरलेला भुसा पेटू शकतो. पेटी उघडण्याआधी वीज तोडून ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबायलाच हवं. आतले कपॅसिटर तोवर ३२५ व्होल्ट धरून असतात.

वेगाचा ताबा हा फक्त सुरक्षिततेचा विषय राहत नाही, हे लाखेच्या कामात नीट दिसतं. चन्नपट्टणची खेळणी असोत किंवा सावंतवाडीच्या चितारआळीतली गोल घडणीची कामं, लेथवर लाख चढवायची तर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. वेग कमी पडला तर लाख ठिपक्या-ठिपक्यांनी बसते, जास्त झाला तर जळून रंग काळवंडतो, आणि भोवऱ्याच्या टोकाला जो वेग लागतो तो त्याच्या पोटाला चालत नाही. दोरी ओढणारा हे डोळ्यांनी बघून करी. एका बोटाने फिरवायच्या छोट्या नॉबवर आज ते पुन्हा करता येतं, आणि मला या सगळ्या यंत्रणेत सगळ्यात समाधान देणारी गोष्ट तीच वाटते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावलेला आहे. आधी बटणं आणि स्टार्टर, मग पुली आणि पट्ट्याची झाकणं, मग अर्थिंग, मग मोटर, आणि ड्राइव्ह शेवटी. ज्यांना मोटर आधी वाचायची घाई आहे त्यांनी वाचावी, पण जोडणी याच क्रमाने करावी. सगळं जोडून झाल्यावर दांडा मोकळा ठेवून, लाकूड न चढवता, लेथ सुरू करायचं आणि लाल बटण दाबायचं. थांबायला किती सेकंद लागले ते मोजून पेटीच्या दारावर लिहायचं. मग लाल बटणाची एक तार मुद्दाम सोडून हिरवं दाबायचं. लेथ सुरू होता कामा नये. तार परत जोडून लेथ पुन्हा सुरू करायचं, आणि ते फिरत असतानाच भिंतीवरचा मेन स्विच पाडायचा. दांडा थांबू द्यायचा. ड्राइव्ह असेल तर त्याचा दिवा पूर्ण विझू द्यायचा. मग लेथपासून बाजूला उभं राहून मेन पुन्हा वर करायचा आणि मिनिटभर नुसतं बघायचं. दांडा जागचा हलला नाही, तर लाकूड चढवायला हरकत नाही.